'कोलीन फॉस्फोट्रान्सफरेज' आणि 'कोलीनफॉस्फोट्रान्सफरेज': मधल्या जागेचा अर्थ

विचारणा

जीवरसायनशास्त्राचं एक प्रकरण मराठीत करते आहे. पेशीच्या पटलातलं फॉस्फेटिडिलकोलीन (कोलीन हा रेणू जोडलेलं एक मेद) पेशी कसं तयार करते, हा विषय. त्यात तीन एंझाइमांची नावं ओळीने येतात: कोलीन कायनेज, फॉस्फोकोलीन सायटिडिलिलट्रान्सफरेज, कोलीनफॉस्फोट्रान्सफरेज. कायनेजच्या मुळाशी 'हलवणे' अर्थाचा ग्रीक धातू आहे म्हणून पहिल्याला मी 'कोलीन-गतिद' म्हटलं. तिसऱ्याला 'कोलीन-स्फुरद-स्थानांतरक'. आता स्वतःचाच मजकूर वाचताना पहिल्यात आणि तिसऱ्यात फरक काय ते सांगता येईना. दोन्ही फॉस्फेटच हलवतात ना? आणि एंझाइमला विकर म्हणावं की वितंचक, तेही कोणीतरी सांगा.

उत्तर

ताई, अडचण शब्द निवडण्याच्या आधीची आहे. ही नावं समास आहेत आणि त्यांचा विग्रह व्हायचा राहिला आहे. मी हा विषय शिकवते. दरवर्षी विद्यार्थी नेमके इथेच अडखळतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तिन्ही विकरं एकाच घराण्यातली आहेत. एका रेणूवरचा गट उचलून दुसऱ्या रेणूला जोडणं हे त्यांचं काम. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्यांचे क्रमांकही शेजारचेच: २.७.१.३२, २.७.७.१५ आणि २.७.८.२. पहिला २ म्हणजे गट हलवणाऱ्यांचा वर्ग, पुढचा ७ म्हणजे हलणारा गट फॉस्फरस असलेला. म्हणजे कायनेजसुद्धा ट्रान्सफरेजच आहे, फक्त जुन्या नावाने ओळखलं जातं. अशा प्रत्येक नावाला तीन प्रश्न विचारायचे: देणारा कोण, घेणारा कोण, आणि हलतंय काय?

कोलीन कायनेज: देणारा एटीपी (शेपटीला तीन फॉस्फेट असलेला, पेशीचा ऊर्जावाहक रेणू), घेणारा कोलीन, हलतो तो एटीपीच्या शेपटीचा फॉस्फेट गट. तयार होतं फॉस्फोकोलीन, मागे उरतं एडीपी (एक फॉस्फेट कमी झालेलं एटीपी).

सायटिडिलिलट्रान्सफरेज: देणारा सीटीपी (एटीपीसारखाच, पण सायटिडिनचा रेणू), घेणारा फॉस्फोकोलीन, हलतो सायटिडिलिल गट (सायटिडिन आणि एक फॉस्फेट). तयार होतं सीडीपी-कोलीन, बाजूला पडतं पायरोफॉस्फेट (जोडीने सुटलेले दोन फॉस्फेट).

कोलीनफॉस्फोट्रान्सफरेज: देणारा सीडीपी-कोलीन, घेणारा डायअ‍ॅसिलग्लिसरॉल (ग्लिसरॉलला दोन मेदाम्लं जोडलेला मेद), आणि हलतं काय, तर कोलीनसकट फॉस्फेट, म्हणजे अख्खं फॉस्फोकोलीन. तयार होतं फॉस्फेटिडिलकोलीन, मागे राहतं सीएमपी (सायटिडिन आणि एकच फॉस्फेट).

आता तुमचा प्रश्न पुन्हा बघा. पहिल्या विकरात कोलीन हा घेणारा आहे, म्हणून विग्रह 'कोलीनला (फॉस्फेट) जोडणारं'. तिसऱ्यात कोलीन हा ओझ्याचाच भाग आहे, म्हणून विग्रह 'कोलीनफॉस्फेट उचलून नेणारं'. एकीकडे कोलीनला चतुर्थी लागते, दुसरीकडे अख्ख्या जोडशब्दाला द्वितीया. 'कोलीन-स्फुरद-स्थानांतरक' या शब्दातून यातलं कोणतं कळतं? दोन्ही कळतात, म्हणून एकही कळत नाही.

आणि यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पद्धतशीर नावात देणारा आधी, मग विसर्गासारखी दोन टिंबं, मग घेणारा, मग गट, असा क्रम असतो. त्या पद्धतीने कोलीन कायनेजचं पूर्ण नाव होतं 'एटीपी : कोलीन फॉस्फोट्रान्सफरेज'. तिसऱ्याचं होतं 'सीडीपी-कोलीन : डायअ‍ॅसिलग्लिसरॉल कोलीनफॉस्फोट्रान्सफरेज'. दोन्हींचे शेवटचे शब्द शेजारी ठेवा. 'कोलीन फॉस्फोट्रान्सफरेज' आणि 'कोलीनफॉस्फोट्रान्सफरेज'. फरक फक्त मधल्या मोकळ्या जागेचा! आपण मराठीत सामासिक शब्द कधी जोडून लिहितो, कधी तोडून, आणि सहसा काही बिघडत नाही. इथे मात्र जागा सोडली तर मालिकेतलं पहिलं विकर होतं, नाही सोडली तर शेवटचं. मुद्रितशोधकाला हे आधीच सांगून ठेवा.

आणखी एक मत

मॅडमचा विग्रह पटला. 'गतिद' सोडून द्या असं मीही म्हणेन. कायनेज कशालाही गती देत नाही, एटीपीतला फॉस्फेट दुसऱ्याला देतं. व्युत्पत्ती शब्दाचा जन्म सांगते, त्याचं आजचं काम सांगेलच असं नाही. कोलीनचंच बघा. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ श्ट्रेकर यांनी हे नाव १८६२ साली दिलं, ते पित्तासाठीच्या ग्रीक शब्दावरून, कारण पदार्थ पित्तात सापडला होता. म्हणून कोणी त्याला 'पित्तिन' म्हणायला लागलं तर वाचक यकृतापाशीच अडकून पडेल.

वितंचकाबद्दल थोडं. संस्कृतात 'आतञ्चन' म्हणजे द्रव साकळावा म्हणून त्यात घातलेला पदार्थ. वितंचक त्याच कुळातला दिसतो. गंमत अशी की एंझाइम हा शब्दही किण्वासाठीच्या ग्रीक शब्दावरूनच आला. दोन्ही भाषांनी एकच चित्र पाहिलं. मला तो शब्द मनापासून आवडतो. पण शाळेच्या पुस्तकांमुळे 'विकर' सगळ्यांच्या तोंडी बसलं आहे, वि + कृ अशी फोडही सहज लागते, आणि 'विकरं', 'विकराचा', 'विकरामुळे' अशी रूपं विनासायास चालतात. विकरच ठेवा.

माझा आग्रह एकच: फॉस्फेटला 'स्फुरद' का नको? चांगला रुळलेला शब्द आहे.

उत्तर

सर, स्फुरद मलाही प्रिय आहे, पण तो मूलद्रव्याचा शब्द आहे. इथे फॉस्फेट, फॉस्फोरिल, पायरोफॉस्फेट हे तीन वेगळे गट एकाच पानावर येतात. तिघांनाही स्फुरद म्हटलं तर वर केलेला सगळा हिशेब पुसला जाईल. 'फॉस्फोलिपिड म्हणजे स्फुरदयुक्त मेद' असं एकदा समजावून सांगायला मात्र तो उत्तम.

ताई, तुमच्या विचारणेत 'पटल' आहे, तेच पुढेही ठेवा. 'भित्तिका' तर अजिबात नको. ती वनस्पती, बुरशी, जिवाणू यांच्या पेशींना असते आणि पटलाच्या बाहेर असते. 'आवरण' म्हटलं की बाहेरून गुंडाळलेलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. तुमच्या प्रकरणातलं तिसरं विकर पेशीच्या आतल्या जाळीदार पटलांत बसलेलं असतं. ती पटलं पेशीचं आवरण नाहीत.

दुसऱ्या विकराला क्रियापद निवडताना विशेष काळजी घ्या, कारण सहसा अख्ख्या मालिकेचा वेग तेच ठरवतं. ते दोन अवस्थांत राहतं. पाण्यात मोकळं असताना जवळजवळ निष्क्रिय, पटलावर बसलं की सक्रिय. पटलात फॉस्फेटिडिलकोलीन कमी पडलं की लिपिडांची बांधणी सैलावते. विकराचा एक मळसूत्री भाग, ज्याची एक बाजू पाण्याला धार्जिणी आणि दुसरी मेदाला, त्या सैल जागेत शिरतो आणि काम सुरू होतं. भरपाई झाली, बांधणी घट्ट झाली, की ते सुटतं. इथे 'चिकटते' लिहू नका. 'रुतते' हा शब्द आपल्याकडे आहे आणि घडतंही तसंच.

या दुसऱ्या विकराचं पूर्ण नाव 'सीटीपी : फॉस्फोकोलीन सायटिडिलिलट्रान्सफरेज', त्यातलं 'सीटीपी' गाळण्याचा मोहही टाळा. यूजीन केनेडी आणि सॅम्युएल वाइस या जीवरसायनशास्त्रज्ञांनी ही मालिका उलगडली, १९५६ साली ती प्रसिद्ध झाली. आधी एटीपीने विक्रिया होत होती, शुद्ध स्फटिकरूप एटीपी वापरल्यावर होईना. कमी शुद्ध एटीपीत भेसळ म्हणून आलेलं सीटीपीच खरं काम करत होतं. ती तीन अक्षरं त्या शोधाचा गाभा आहेत. मालिकेला केनेडी मार्ग म्हणतात, ते नाव तसंच चालेल.

मूळ विचारणा करणारी

मॅडम, खूप आभार. अजून एक. पुढच्या परिच्छेदात कोलीन डिहायड्रोजनेज येतं, कोलीनपासून बीटेन करणारं. तिथे मी 'कोलीनचा अपचय' लिहिलं आहे. आणि फॉस्फोलायपेज डी ला 'मेदभंजक'.

उत्तर

फॉस्फोलायपेज डी पाण्याच्या मदतीने फॉस्फेटिडिलकोलीनमधला एकच ठरावीक बंध तोडतं. कोलीन सुटतं, फॉस्फेटिडिक आम्ल उरतं. ए१, ए२, सी, डी ही अक्षरं कोणता बंध तुटतो ते सांगतात, म्हणून अक्षर गाळू नका. 'भंजक' म्हटलं की सगळ्याचा चुरा झाल्यासारखं वाटतं. 'फॉस्फोलायपेज डी' हेच नाव ठेवून 'कोलीन सोडवणारं' असं वर्णन जोडा.

'अपचय' शास्त्राच्या परिभाषेत चुकीचा नाही. पण कोशात अपचय म्हणजे ऱ्हास, घट, आणि वाचक तोच अर्थ घेईल. इथे घडतं काय ते बघा. मायटोकाँड्रियात कोलीनचं ऑक्सिडीकरण होऊन आधी बीटेन आल्डिहाइड आणि मग बीटेन होतं. बीटेन आपल्या तीन मिथिल गटांपैकी एक होमोसिस्टीन या अमिनो आम्लाला देतं, त्याचं मेथिओनीन होतं. मेथिओनीनपासून एस-अ‍ॅडेनोसिलमेथिओनीन तयार होतं, पेशीत मिथिल गट देणारा रेणू. आणि यकृतात फॉस्फेटिडिलकोलीन करायची जी दुसरी वाट आहे, तिथे फॉस्फेटिडिलइथेनॉलअमीन या तशाच दुसऱ्या मेदाला तीन मिथिल गट एकामागून एक जोडले जातात, ते याच एस-अ‍ॅडेनोसिलमेथिओनीनकडून. यकृतातलं साधारण ३० टक्के फॉस्फेटिडिलकोलीन या वाटेने येतं. म्हणजे कोलीनपासून निघालेला मिथिल गट फिरून पुन्हा कोलीनच्याच डोक्यावर बसू शकतो. याला ऱ्हास म्हणवत नाही. 'कोलीनचं ऑक्सिडीकरण' लिहा, आणि सगळ्या व्यवहाराला मिळून चयापचय म्हणा. चय आणि अपचय दोन्ही त्या एका शब्दात आहेत.

मूळ विचारणा करणारी

परिच्छेद असा केला आहे, बघाल का?

'कोलीन कायनेज हे विकर एटीपीतला फॉस्फेट गट कोलीनला जोडते. फॉस्फोकोलीनला सायटिडिलिल गट जोडणारे दुसरे विकर पटलात रुतले की सक्रिय होते. तिसरे विकर, कोलीनफॉस्फोट्रान्सफरेज, सीडीपी-कोलीनमधले फॉस्फेट डायअ‍ॅसिलग्लिसरॉलला जोडते आणि फॉस्फेटिडिलकोलीन तयार होते.'

उत्तर

छान झालंय, ओघ आहे. तिसऱ्या वाक्यात 'फॉस्फेट' च्या जागी 'फॉस्फोकोलीन' करा, नाहीतर कोलीन पुन्हा मागे राहील.