‘डेप्रिकेटेड’ला ‘कालबाह्य’ म्हणावं का? आणि ‘फ्लॅग’ला काय?

नांदेडहून प्रश्न

महसूल मंडळांच्या पावसाच्या नोंदी जुळवून तालुक्याची सरासरी काढणारं एक छोटं कमांड-लाइन टूल (आज्ञा टाइप करून चालवायचा प्रोग्राम) आम्ही दोघांनी रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत केलंय. आर्ग्युमेंट, म्हणजे आज्ञेपुढे लिहिलेले शब्द, वाचायचं काम क्लॅप ही लायब्ररी (तयार कोडचा संच) करते. आता टूल क्लॅपच्या दुसऱ्या आवृत्तीवरून चौथ्या आवृत्तीवर नेतोय. काय बदललं याची टीप मराठीतच लिहायचीय, कारण वापरणारी पोरं कृषी पदविकेची आहेत. दोन शब्दांशी अडलोय.

पहिला ‘डेप्रिकेटेड’, म्हणजे अजून चालतं, पण पुढे जाणार म्हणून वापरू नका असं सांगितलेलं. सर्रास ‘कालबाह्य’ लिहितात. पण क्लॅप ३.१ मध्ये, म्हणजे फेब्रुवारी २०२२ ला, कोडमधल्या ‘ॲप’चं नाव ‘कमांड’ झालं तरी जुनं ‘ॲप’ चालतच होतं. कंपाइल करताना, म्हणजे कोडचा प्रोग्राम बनवताना, इशारा तेवढा यायचा. सप्टेंबरात ४.० आली आणि ते काढूनच टाकलं. मधल्या काळातल्या ‘ॲप’ला कालबाह्य म्हटलं की पोरं विचारतात, “सर, मग चालायलंय कसं?”

दुसरा ‘फ्लॅग’, म्हणजे नुसतं लिहून भागतं असं आर्ग्युमेंट; ‘ऑप्शन’पुढे मात्र किंमत (व्हॅल्यू) द्यावी लागते. टिपेत मी ऑप्शन आणि फ्लॅग दोन्हींना ‘पर्याय’ लिहिलं. जुन्या आवृत्तीत आर्ग्युमेंटबद्दल वेगळं काही सांगितलं नाही, तर ते नुसतं लिहून भागायचं. चौथीत सांगितलं नाही, तर ते पुढे किंमत मागतं. आमचं ‘तपशील’ हे फ्लॅग तसंच अडलं: ‘किंमत हवी, ती दिलेली नाही’ असा संदेश आला. दुरुस्ती एका ओळीची, त्याची कृती ‘सेटट्रू’ (लिहिलं की ‘हो’ धरायचं) अशी उघड लिहायची. पण टिपेत ‘पर्यायाचा पर्याय झाला’ असं वाक्य उतरलं, त्यातून कुणाला काय कळणार?

परभणीहून

दादा, ‘कालबाह्य’ चूकच आहे. मराठीत याला रुळलेला शब्द आहे: मावळता. मावळते अध्यक्ष खुर्चीवर असतात, त्यांची सही चालते, पण पुढचा माणूस ठरलेला असतो. ‘ॲप हे नाव ३.१ पासून मावळतं आहे, त्याजागी कमांड वापरा.’ काढून टाकलं की मग ‘बाद’. मावळतं आणि बाद या दोन वेगळ्या अवस्था आहेत, टिपेत त्या वेगळ्याच दिसायला हव्यात.

सबकमांडला, म्हणजे आज्ञेच्या पोटातल्या आज्ञेला, मात्र ‘उपआज्ञा’ करू नका. पोटकलम, पोटजात, पोटहिस्सा हे सगळे शब्द आपल्या तोंडात आहेत. ‘पोटआज्ञा’ सातबारा वाचणाऱ्याला लगेच कळेल.

लातूरहून

‘मावळता’ला माझाही होकार. आपल्या भागात याचा नमुना घडून गेलाय. निजामाचा हाली रुपया १९५१ नंतर नवा निघाला नाही, पण रद्द झाला १९५९ ला. मधली आठ वर्षं तो मावळताच होता: सात हालीचे सहा कलदार (भारतीय रुपये) हा हिशेब माझ्या आजीच्या तोंडी पाठ होता. हाली घेणाऱ्याला १९५५ मध्ये कुणी चूक म्हटलं नसतं, पण साठवून ठेव असंही सांगितलं नसतं. डेप्रिकेटेडचा अर्थ नेमका एवढाच आहे.

फ्लॅगला ‘खूण’ म्हणा. झेंडा, निशाण नको, त्याला मिरवणुकीचा वास येतो. मोंढ्यात पोत्यावर आडत्याची खूण असते किंवा नसते, खुणेला ‘किती?’ असं कुणी विचारत नाही. वजनाला विचारतात. ऑप्शनला ‘पर्याय’ राहू द्या, त्याच्यापुढे किंमत येते. व्हॅल्यूला ‘मूल्य’ न लिहिता तुम्ही ‘किंमत’ लिहिलंत ते बरं केलंत. शाळेत क्षची किंमतच काढायचो आपण.

एक कामाची गोष्ट. दुसरीवरून एकदम चौथीवर उडी घेऊ नका. आधी ३.२ वर या, तिथं ‘डेप्रिकेटेड’ नावाचं फीचर (क्लॅपमधली चालू-बंद करायची सोय) चालू करा, म्हणजे मावळत्यांची यादी कंपाइलरच वाचून दाखवतो. ती निपटली की मग चौथी.

नांदेडहून

ताई, काका, दोन्ही शब्द घेतले. ३.२ वर आणलं. यादीत किंमत वाचणारं मावळतं ‘व्हॅल्यू ऑफ’ सतरा ठिकाणी निघालं, तिथं त्याच्या जागी आलेलं ‘गेट वन’ घालायलोय. टिपेतलं वाक्य आता असं आहे:

‘तपशील ही खूण आहे, पर्याय नाही. तिच्यापुढे किंमत लिहू नये. चौथ्या आवृत्तीत खूण ही खूण आहे असं उघड सांगावं लागतं. सांगितलं नाही तर तिला पर्याय धरलं जातं.’

‘आर्ग्युमेंट’ तसंच ठेवलंय. ‘युक्तिवाद’ इथं बसत नाही, आणि ‘प्राचल’ आधीच पॅरामीटरला दिलेला आहे.