रिपोर्ट नॉर्मल, दुखणं मात्र तसंच

एका ताईंनी विचारलंय, युरिन कल्चर (लघवीत जंतू आहेत का बघायची तपासणी) दरवेळी निगेटिव्ह येतं, तरी ओटीपोटात दुखतं आणि सारखं लघवीला जावं लागतं. पुन्हा अँटिबायोटिकचा कोर्स करावा का? जंतूच सापडत नसतील तर त्याने काय साधणार! डॉक्टरांना इंटरस्टिशियल सिस्टायटिसबद्दल (इन्फेक्शन नसतानाही मूत्राशय सतत दुखण्याचा आजार, ब्लॅडर पेन सिंड्रोमही म्हणतात) सरळ विचारा. माझ्या मोठ्या जाऊबाईंना तोच आहे.

पक्कं निदान करणारी एक अशी टेस्ट नाही. इन्फेक्शन, मुतखडा, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं), मूत्राशयाचा कॅन्सर, आणि आपल्याकडे टीबी तर आवर्जून, असं एकेक वगळत जावं लागतं. दुर्बिणीतून काहींच्या मूत्राशयात लालसर चट्टे दिसतात. गाय हनर या अमेरिकन डॉक्टरांनी १९१५ साली त्यांचं वर्णन केलं होतं. पण बहुतेकांना तसे चट्टे नसतातच. मग 'काही नाही, टेन्शन घेऊ नका' ऐकून घरी यायचं. डोकं फिरतं अशा वेळी.

मूत्राशय भरेल तसं दुखणं वाढतं आणि लघवी झाली की थोडा वेळ बरं वाटतं का, याकडे लक्ष द्या. जाऊबाई बाथरूममध्ये मापाचा प्लास्टिकचा मग आणि वही ठेवायच्या: वेळ, किती मिली, दुखणं दहापैकी किती. त्या वहीवरूनच युरॉलॉजिस्टना अंदाज आला.

उन्हाळी लागली समजून लिंबू सरबत पीत असाल तर थांबवून बघा. आंबट, चहा-कॉफी, टोमॅटो अनेकांना बाधतं, सगळ्यांना नाही. पेल्विक फ्लोअरच्या (ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या) फिजिओथेरपीने बऱ्याच जणींना आराम पडतो. यूट्यूबवर बघून केगल (हे स्नायू आवळून धरायचे व्यायाम) मात्र सुरू करू नका. या आजारात ते स्नायू बहुतेकदा आधीच आवळलेले असतात.