‘राँग प्लँचेट’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : चुकीच्या धातूच्या किंवा आकाराच्या चकतीवर पाडल्या गेलेल्या ज्या नाण्याला नाणेसंग्राहक ‘राँग प्लँचेट’ म्हणतात, त्याला ‘खोटे नाणे’ किंवा ‘सदोष नाणे’ म्हणता येईल का?

उत्तर : ‘खोटे नाणे’ मुळीच म्हणू नये. खोटे नाणे टांकसाळीबाहेर, फसवण्याच्या हेतूने तयार होते. हे नाणे मात्र सरकारी टांकसाळीत अधिकृत ठशांनीच पाडलेले असते आणि चुकलेली असते ती केवळ चकती. ‘सदोष नाणे’ गैर नाही, पण त्यात तडकलेला ठसा, दुहेरी उमटलेली छाप असे सगळेच दोष येतात. म्हणून ‘चुकीच्या चकतीवर पाडलेले नाणे’ असे सविस्तर म्हणणेच मला योग्य वाटते.

अमेरिकेचे १९४३ चे एक सेंटचे नाणे पाहावे. युद्धासाठी तांबे हवे असल्याने त्या वर्षी ही नाणी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी चकत्यांवर पाडली गेली. मात्र आधीच्या काशाच्या काही चकत्या मागे राहून नव्या ठशांखाली गेल्या. अशी मोजकीच नाणी आज ज्ञात असून संग्राहक त्यांच्यासाठी लाखो डॉलर मोजतात. साहजिकच नकलाही पुष्कळ झाल्या. पोलादी नाण्यावर तांब्याचा मुलामा चढवला असेल, तर ते लोहचुंबकाला चिकटते आणि लबाडी लगेच उघडी पडते. परंतु १९४८ च्या नाण्यातील ८ तासून त्याचा ३ केला असेल, तर धातू अस्सल असल्याने चुंबकाचा उपयोग होत नाही आणि त्या अंकाचे वळणच भिंगाखाली तपासावे लागते. ‘बनावट’ हा शब्द या नकलांसाठी राखून ठेवावा.

पुरवणी : ‘चकती’ शब्द योग्यच आहे, मात्र त्यात एक भेद सांभाळायला हवा. पत्र्यातून कापलेली सपाट चकती ही ‘कोरी चकती’, आणि यंत्रातून फिरवून तिची कड किंचित उठवली की ती ‘प्लँचेट’ होते. तिला ‘कड उठवलेली चकती’ म्हणता येईल. शिवाय चूक नेहमी धातूचीच असते असे नाही. पाच सेंटचे नाणे सुमारे २१ मिलिमीटर व्यासाचे आणि एक सेंटचे सुमारे १९ मिलिमीटरचे. त्यामुळे पाच सेंटचे ठसे एक सेंटच्या चकतीवर पडले, तर कडेची अक्षरे चकतीबाहेर राहतात. अशा नाण्याची नोंद करताना ‘ठसा पाच सेंटचा, चकती एक सेंटची’ असे दोन्ही सांगावे.