शब्दचर्चा: 'अर्ली ॲक्सेस'ला मराठीत काय म्हणायचं?

भाषांतरवाली
गेम विकणाऱ्या एका दुकानाच्या पानांचं मराठी करते आहे. 'अर्ली ॲक्सेस'पाशी गाडं अडलंय. गेम पुरा झालेला नसतो, तरी विकायला ठेवतात. घेणारा आजच खेळायला लागतो आणि गेम मागून बनत राहतो. मी 'पूर्वप्रवेश' लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'आगाऊ प्रवेश' केलं. भाच्याला दाखवलं तर तो म्हणाला, "आत्या, आगाऊ म्हणजे मोठ्यांच्या मध्ये बोलणारा ना?" खाली बारीक अक्षरांत इशारा आहे, की गेम अपूर्ण आहे, पुढे बदलेल किंवा बदलणारही नाही. तिथे मी 'कच्चा' शब्द वापरला होता. तोही उडाला, वर शेरा: "कच्चा म्हटल्यावर कोण घेईल?" शब्द बटणावर मावायला हवा आणि आपण काय घेतोय हे घेणाऱ्याला कळायला हवं. सुचवा.

चतकोर
ताई, अर्ली ॲक्सेसच ठेवा. खेळणारं कुणी दुसरं काही म्हणतच नाही.

पेठकर
हे उत्तर कुठल्याही शब्दाला देता येतं. 'महापौर' आणि 'दिनांक' सावरकरांनी सुचवले तेव्हाही लोक मेयर आणि तारीखच म्हणत होते. आज महापौर म्हणताना कुणाची जीभ अडखळते? पूर्वप्रवेश निर्दोष आहे. पुस्तकांच्या जाहिरातीत 'प्रकाशनपूर्व सवलत' आपण कैक वर्षं वाचतो आहोत, ती कुणाला समजावून सांगावी लागत नाही. केतकरांनी ज्ञानकोशासाठी लिमिटेड कंपनी काढून आधी वर्गणीदार जमवले होते. तयार व्हायच्या आधी विकणं मराठीला नवं नाही, शब्दही घरात आहेत. आगाऊ मात्र नको.

भीमाकाठ
पेठकर काका, आगाऊ शब्दावर एवढा राग का? ऊसतोडीच्या टोळीला आगाऊ उचल देतात, त्यात कुणी उद्धटपणा काढत नाही. मूळ अर्थ 'पुढचं, आधीचं' एवढाच. जो पुढे पुढे करतो तो आगाऊ, हा अर्थ मागून चिकटला असणार. तरी तो अर्थ नकोच असेल तर 'आगाप' घ्या. आगाप पेरणी, द्राक्षाची आगाप छाटणी. हंगामाच्या आधी केलेलं ते आगाप. 'आगाप प्रवेश' बटणावर मावतं.

पेठकर
आगाप पुण्या-मुंबईत किती जणांना कळेल? आणि आगाऊ हिंदीतल्या 'आगे'वरून आलाय.

भीमाकाठ
आगे तरी कुठून आला? अग्र पासूनच ना? मग दोघं एकाच आईची लेकरं. पुण्या-मुंबईत कळत नाही म्हणून शब्द बाद करायचा, तर पूर्वप्रवेश तरी आमच्या मंगळवेढ्यात कोण बोलतं?

दस्तऐवज
शब्दाच्या आधी व्यवहार कोणता ते ठरवू. प्रकाशनपूर्व सवलतीत पुस्तक छापून होईस्तोवर हातात काहीच पडत नाही. इथे अर्धी वस्तू लगेच मिळते. माझ्या कामात रोज लागणारा 'विसार'ही बसत नाही. विसारात थोडी रक्कम देऊन सौदा बांधतात, बाकीची खरेदीखताच्या वेळी. इथे सगळी रक्कम आधीच जाते.

खरा जवळचा व्यवहार म्हणजे बांधकाम चालू असलेला फ्लॅट. तिथे २०१६ च्या रेरा कायद्याने ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. प्रकल्प पुरा करायची तारीख नोंदवावी लागते. शेवटी पालिका भोगवटा प्रमाणपत्र देते. गेममध्ये यातलं एकही नाही. वेगळं खातं नाही, तारखेची बांधिलकी नाही, 'आता हा राहण्याजोगा झाला' असं सांगणारं कुणी तिऱ्हाईत नाही. घेणाऱ्याला कायद्याचा आधार एवढा तोकडा असताना निदान शब्दाने तरी त्याला सावध करावं. माझं मत 'कच्चा'लाच.

पेठकर
मग मी पुढे जाऊन म्हणतो, पुरा झालेला नाही तर विकूच नये. हा धंदा आहे की वर्गणी?

रात्रपाळी
मी ऑनलाइन गेमच्या सर्व्हरवर काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

काका, अर्धवट गेम विकणं सरसकट लबाडी नाही. माइनक्राफ्ट २००९ पासून अपुऱ्या अवस्थेतच विकला जात होता. सुरुवातीला स्वस्त होता, जसजसा भरत गेला तशी किंमत चढवली. नोव्हेंबर २०११ मध्ये पूर्ण आवृत्ती आली तोवर लाखो प्रती खपल्या होत्या. मार्च २०१३ मध्ये स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाने या प्रकाराला वेगळं दालन दिलं आणि अर्ली ॲक्सेस हे नाव तिथून घट्ट झालं. बाल्डर्स गेट ३ जवळजवळ तीन वर्षं फक्त पहिल्या अंकापुरता विकत होते, तोही पूर्ण किमतीला. ऑगस्ट २०२३ मध्ये पुरा झाला तेव्हा आधी घेतलेल्यांना पश्चात्ताप झाला नाही.

पण हे एकट्याने किंवा चार मित्रांत खेळायचे गेम. ते कुणी आज कंटाळून सोडले तरी दोन वर्षांनी उघडता येतात, जागच्या जागी असतात. ऑनलाइन सामन्यांचा गेम गर्दीवर जगतो. लॉबी, म्हणजे सामन्याआधी खेळणारे जमतात ती जागा, भरायला वेळ लागला की एक जण उठतो, तो उठला म्हणून दुसऱ्याचा सामना जुळत नाही, मग तोही उठतो. अपुरा गेम बाजारात आणला की पहिली गर्दी, म्हणजे सगळ्यात हौशी माणसं, त्या अपुऱ्या अवस्थेवर खर्च होतात. गेम सुधारल्यावर तीच माणसं परत बोलवायला नव्याने जाहिरात करावी लागते आणि बहुतेक येत नाहीत. त्यांच्या मनात गेमचं नाव आधीच खराब झालेलं असतं.

हे मी जवळून पाहिलंय. मी तेव्हा जिथे होतो (नाव देत नाही), तिथे सहा महिन्यांचं काम बाकी असताना गेम खुला केला, कारण गुंतवणूकदारांना आकडे दाखवायचे होते. पहिल्या शनिवारी रात्री नऊला सामना काही सेकंदांत जुळत होता. महिनाभरात त्याच वेळेला मिनिटं लागू लागली. मग रिकाम्या जागी आम्ही बॉट, म्हणजे संगणक चालवतो ते खोटे खेळाडू, भरले. खेळणाऱ्यांनी ते पहिल्याच दिवशी ओळखले, कारण आमचे बॉट दारातून आत जाताना चौकटीला अडकून जागच्या जागी धावत राहायचे. लोक त्यांचे व्हिडिओ काढून इंटरनेटवर चढवायला लागले. दाराचा दोष आमच्या यादीत होता, दुरुस्तीला दोन आठवडे पुरले असते. गेम मात्र तिथेच संपला.

म्हणून माझं मत असं: ऑनलाइन गेम अपुरा आणायचा तर जे अपुरं आहे ते कडेचं असावं. नकाशे कमी चालतील, पोशाख कमी चालतील. मूळ खेळणं आणि सर्व्हर पक्के हवेत. आणि पुढचं काम विक्रीच्या पैशावर अवलंबून असेल तर आणूच नये. स्टीमसुद्धा गेम बनवणाऱ्यांना हेच सांगतं, की फारशी विक्री झाली नाही तरी काम पुरं करता येणार असेल तरच या दालनात या.

चतकोर
दादा, पबजी स्वतः अर्ली ॲक्सेसमध्येच आला होता. मार्च २०१७ मध्ये. डिसेंबरमध्ये पुरा होईपर्यंत २ कोटींवर प्रती गेल्या. तेव्हा तो किती अडखळायचा ते व्हिडिओ आजही आहेत. गर्दी वाया गेली का?

रात्रपाळी
तोच दाखला माझ्या बाजूचा आहे. पबजीचा कर्ता ब्रेंडन ग्रीन त्याआधी काही वर्षं आर्मा गेमच्या मॉडमधून, म्हणजे मूळ गेममध्ये फेरफार करून केलेल्या आवृत्तीतून, हाच शंभरांतला एक उरण्याचा खेळ घासूनपुसून घेत होता, मग एच१झेड१ या दुसऱ्या गेमवरही त्याने काम केलं. २०१७ मध्ये अडखळत होतं ते चित्र. खेळ मुरलेला होता. व्हॅलहाइमही तसाच. फेब्रुवारी २०२१ मध्ये स्वीडनमधल्या पाचेक माणसांनी आणला, महिन्याभरात ५० लाख प्रती. तिथे दहा जणांपर्यंतचा कंपू आपापल्या सर्व्हरवर खेळतो, अनोळखी गर्दीची गरजच नाही. आता उलटं उदाहरण पाहा. द डे बिफोर हा ऑनलाइन गेम ७ डिसेंबर २०२३ ला अर्ली ॲक्सेसमध्ये आला, चार दिवसांत बनवणाऱ्यांनी कंपनी बंद करतोय असं जाहीर केलं. जानेवारीत सर्व्हर गेले, लोकांना पैसे परत करावे लागले.

चतकोर
आणि फायनल फँटसी १४? सप्टेंबर २०१० मध्ये कच्चाच आणला होता, आज जगातल्या मोठ्या ऑनलाइन गेमांत आहे.

रात्रपाळी
आहे, पण कशाच्या बदल्यात ते पाहा. तो बनवणाऱ्या स्क्वेअर एनिक्स कंपनीने माफी मागितली, निर्माता बदलून नाओकी योशिदाकडे काम दिलं, वर्षभराहून जास्त काळ मासिक फी घेतली नाही. जुना गेम चालता ठेवून मागे नवा बांधला. नोव्हेंबर २०१२ मध्ये गेममधल्या जुन्या जगावर चंद्र पाडून सर्व्हर बंद केले आणि ऑगस्ट २०१३ मध्ये नव्याने उघडले. एवढा तोटा पोसायला पाठीशी तेवढी मोठी कंपनी लागते. पुण्यातल्या तीस माणसांच्या स्टुडिओने त्या उदाहरणावर विसंबू नये, हे मी कळकळीने सांगतो.

भाषांतरवाली
माहिती फार कामाची आहे. पण रात्रपाळी, तुम्ही स्वतः या अवस्थेला मराठीत काय म्हणाल?

रात्रपाळी
आम्ही ऑफिसात 'सॉफ्ट लाँच' (मोजक्या लोकांत गाजावाजा न करता आणणं) आणि 'बीटा' (लोकांना खेळायला देऊन तपासायची अपुरी आवृत्ती) म्हणतो. मराठीत म्हणताना मी 'चाचणी' म्हणेन.

दस्तऐवज
चाचणीचे पैसे कोण घेतं? चाचणीला बसणाऱ्याला उलट कधीकधी मानधन देतात. पैसे घेऊन चाचणी म्हणणं हा ग्राहकावर अन्याय आहे. तो शब्द तर मुळीच नको.

चतकोर
पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने इंडस या गेमच्या वेळी आधी बंद बीटा घेतला, मोजक्या लोकांत. पूर्वनोंदण्या १ कोटीच्या वर गेल्या तरी सगळ्यांना ऑक्टोबर २०२४ मध्येच आत घेतलं. तिथे 'चाचणी' शोभतं, पैसे नव्हते घेतले. आणि बघा, 'पूर्वनोंदणी' आम्ही बोलतोच. काकांचा पूर्वप्रवेश अगदीच परका नाही.

पेठकर
चला, एक मत मिळालं.

भीमाकाठ
रात्रपाळी भाऊंनी सांगितलं त्याला आमच्या रानात पुरे शब्द आहेत, ते ऐका. ज्वारी आधी पोटरीत येते, म्हणजे कणीस पानाच्या आत असतं. मग निसवते, म्हणजे कणीस बाहेर पडतं. मग दाणा चिकात येतो, दाबला की दूध निघतं. त्यानंतर हुरडा. हुरड्यात दाणा पक्व नसतो पण खायला सगळ्यात गोड, आणि लोक पैसे मोजून खायला येतात. कच्चा म्हणून कुणी नाक मुरडत नाही. चिकात असताना भाजला तर आगटीतून, म्हणजे हुरडा भाजायच्या विस्तवातून, हातात नुसती चिकट साल येते, उशीर केला तर दाणा दाताखाली टणक लागतो. आठ-दहा दिवसांचा खेळ असतो.

आणि मुख्य गोष्ट. हुरड्याला आम्ही गूळभेंडी किंवा सुरती ज्वारीची चार पाटं पेरतो. तेवढीच मोडायची. बाकीचं रान खळ्यावर जातं, वर्षाची भाकरी त्यातून. भाऊंच्या कंपनीने हुरड्यालाच सगळं रान मोडलं. इंडसवाल्यांनी चार पाटं मोडली.

शब्द घ्या: 'हुरडा आवृत्ती'. पुरी झालेली नाही हेही कळतं आणि चव आहे हेही कळतं. दुकानवाल्यांना नाव ठेवायला जागा नाही.

दस्तऐवज
हे मला पटतंय. पण चिकातला गेम कुणी हुरडा म्हणून विकला तर? द डे बिफोर चिकातलाच होता. हुरडा म्हटल्याने त्याची भलामणच झाली असती. कच्चा हा शब्द कुणाची बाजू घेत नाही.

रात्रपाळी
तो धोका आहे. तरी 'चिकात' आणि 'हुरड्यात' हा फरक मला मिळाला याचा आनंद वाटतो. उद्याच्या बैठकीत हेच विचारणार आहे, आपला गेम नक्की कशात आहे?

चतकोर
हैदराबादचा किंवा इंदूरचा मराठी मुलगा हुरडा आवृत्ती वाचून काय समजेल?

भीमाकाठ
बीटा वाचून काय समजला होता? शिकलाच की. हुरडा निदान खाऊन तरी शिकता येतो.

पेठकर
हुरडा शब्द सुंदर आहे, नाकारत नाही. आमच्या घरी आजोबा म्हणायचे, हुरडा 'हुरळणे'पासून आला, तो पाहून मन हुरळतं. पण गव्हाचाही हुरडा असतो ना? तो तर आम्ही लहानपणी संगमनेरला खाल्लाय.

भीमाकाठ
हुरळण्याचा काही संबंध नसावा, काका. आणि गव्हाच्या त्या ओंब्या. हुरडा फक्त ज्वारीचा. हरभऱ्याचा तो हुळा.

वऱ्हाडी_मुलगी
आजवर नुसतं वाचत होते, पण इथे बोलायलाच हवं. गव्हाच्या ओंब्या भाजून चोळल्या की जो दाणा निघतो त्याला आमच्या आजीच्या तोंडी हुरडाच. ओंबी हे कणसाचं नाव, हुरडा भाजलेल्या दाण्याचं.

भीमाकाठ
ताई, तसं असेल तर मक्याच्या भाजलेल्या दाण्यालाही हुरडा म्हणाल का?

वऱ्हाडी_मुलगी
मक्याचं कणीस भाजून आख्खंच खातात, चोळत नाहीत. जे हातावर चोळून पाखडून खाता येतं त्यालाच.

पेठकर
हे महत्त्वाचं आहे. म्हणजे व्याख्या अवस्थेवरून की कृतीवरून? दाते-कर्व्यांचा शब्दकोश वरच्या फळीवर आहे, काढून बघतो. तोवर कोकणातल्या मंडळींनी सांगावं, नाचणीच्या हिरव्या कणसाला तिकडे काय म्हणतात?

भाषांतरवाली
मला गुरुवारी पानं द्यायची आहेत. तूर्त बटणावर 'पूर्वप्रवेश' आणि इशाऱ्यात 'कच्चा' असं पुन्हा पाठवते, सोबत दस्तऐवज यांचा फ्लॅटचा मुद्दा लिहून.

दस्तऐवज
इशारा बटणाच्या वर ठेवायला सांगा, खाली नको.

भीमाकाठ
नाचणीचं मलाही ऐकायचंय. आणि वऱ्हाडी ताई, तुमच्याकडे आगटीला काय म्हणतात?