उपाधी आणि सव्यभिचार: ‘पर्वतो धूमवान् वह्नेः’ कुठे बसतं?

जिज्ञासू_एमए१
अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रह’ या न्यायशास्त्राच्या ग्रंथात ‘पर्वतावर धूर आहे, कारण तिथे अग्नी आहे’ हे व्याप्यत्वासिद्धाचं, म्हणजे उपाधी असलेल्या सदोष हेतूचं, उदाहरण आहे. इथे अग्नी हा हेतू (दिलेलं कारण) आणि धूर हे साध्य (सिद्ध करायची गोष्ट). उपाधी, म्हणजे हेतूमागची न सांगितलेली अट, ओल्या इंधनाचा संयोग. पण तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असून धूर नसतो. मग सरळ सव्यभिचार (साध्याशी नियमाने बांधलेला नसलेला हेतू) का म्हणू नये? आणि उपाधी ओळखायची कशी?

हेतुविचार
व्यभिचार, म्हणजे हेतू असून साध्य नसणं, इथे आहेच. तो का आहे, ते उपाधी सांगते. ‘दीपिके’त, म्हणजे या ग्रंथावरच्या स्वतःच्याच टीकेत, अन्नंभट्ट स्पष्ट म्हणतात की उपाधी व्यभिचारज्ञानाच्या द्वारे व्याप्तिज्ञान (हेतू तिथे साध्य असतंच, हे ज्ञान) अडवते. त्यामुळे दोन्ही नावांत भांडण नाही. परीक्षेत मात्र ग्रंथातलं वर्गीकरण लिहा, आणि गोळ्याचं उदाहरण द्याच.

ओळखायला दोन प्रश्न. जिथे जिथे साध्य, तिथे तिथे ही गोष्ट असते का? असायला हवी. जिथे जिथे हेतू, तिथे तिथे असते का? नसायला हवी. धूर असेल तिथे ओलं इंधन असतंच. अग्नी असेल तिथे असेलच असं नाही. दोन्ही उत्तरं जुळली, उपाधी सिद्ध.

मुलं चुकतात ती पुढे. आता अनुमान उलटं करा: धूर हेतू, अग्नी साध्य. ओलं इंधन तेच, पण ते आता उपाधी राहत नाही! गोळ्यात अग्नी आहे, ओलं इंधन नाही, म्हणजे साध्यव्यापकत्व (साध्य तिथे असणं, ही पहिली अट) गेलं. शिवाय धूर तिथे ओलं इंधन असतंच, म्हणून साधनाव्यापकत्वही (हेतू तिथे प्रत्येक वेळी नसणं, ही दुसरी अट) गेलं. उपाधी ही वस्तूची जात नव्हे, ती ठरावीक हेतू-साध्याच्या जोडीपुरतीच असते. हे एकदा पक्कं झालं की अर्धा हेत्वाभास-विचार (सदोष हेतूंचा विचार) सुटतो.

अवयव५
रोजचं उदाहरण: ‘बटण चालू आहे, म्हणजे दिवा लागलेला असणार.’ वीजपुरवठा ही उपाधी. लोडशेडिंगमध्ये बटण चालूच असतं.

पक्षधर्मता
वरच्या उत्तरात एक भर. उपाधी शोधण्याआधी हेतू पक्षावर (जिथे साध्य सिद्ध करायचं त्या जागी, इथे पर्वतावर) खरंच आहे का ते बघा. डोंगरावरचं धुकं धूर समजलात, तर व्याप्ती निर्दोष असूनही अनुमान स्वरूपासिद्ध (हेतूच पक्षावर नाही), उपाधीचा तिथे प्रश्नच नाही. मग व्याप्ती तपासा. शेवटी बाधित (साध्य दुसऱ्या प्रमाणाने खोटं ठरतं): ‘अग्नी थंड, कारण तो द्रव्य आहे’ हे हात लावताच प्रत्यक्षाने कोसळतं.

जिज्ञासू_एमए१
म्हणजे ‘पर्वतावर अग्नी, कारण तो (पर्वत) प्रमेय, म्हणजे ज्ञानाचा विषय, आहे’ यात हेतू पक्षावर आहे, पण अग्नी नसलेल्या डोहातही आहे, म्हणून साधारण सव्यभिचार?

हेतुविचार
बरोबर. डोह हा विपक्ष, म्हणजे साध्य नक्की नसलेली जागा.