चर्चा: संत्र्याच्या ब्लोअरचं मॉडेल, वेबर आकड्यावर भागेल का?

काटोल रोड
बागेत औषध फवारणाऱ्या ट्रॅक्टर-ब्लोअरच्या संगणकी मॉडेलमध्ये थेंब बारीक होण्याचं सगळं श्रेय हवेला दिलं जातं. आधी वेबर आकडा काढा, म्हणजे हवेचा फोडणारा जोर पाण्याला धरून ठेवणाऱ्या ताणाच्या किती पट ते: हवेची घनता × सापेक्ष वेगाचा वर्ग × व्यास ÷ पृष्ठताण. नागपुरात मे महिन्यात ४३ अंशांना घनता साधारण १.०८ किलो प्रति घनमीटर. हवा ३० मीटर प्रति सेकंद धरली तर पाण्याच्या १ मिमी धारेला १३.५ येतो, ३०० मायक्रॉनच्या थेंबाला जेमतेम ४. फुटायला १२ लागतात. म्हणजे हवा थेंब वाहून नेते, फोडत नाही. एवढ्यासाठी थेंबांचं फुटणं संगणकावर बारकाईने सोडवत महिनाभर सर्व्हर कशाला तापवायचा?

जाळीवाला
भाऊ, १२ हा सुट्या थेंबाचा आकडा. आडव्या हवेतल्या धारेला ४ च्या आसपासच पिशव्या फुगू लागतात, त्यामुळे तुमची १३.५ वाली धार चांगलीच फुटते. पिशवीचा पातळ पापुद्रा फुटला की धुकं, जाड कडेचे मोठे थेंब. सरासरी व्यासात हे दोन गट दिसतच नाहीत आणि बागेबाहेर उडतं ते धुकंच. कोरड्या आणि ओल्या तापमापकात २० अंशांचा फरक असेल, म्हणजे हवा फार कोरडी असेल, तर ५० मायक्रॉनचा थेंब दीड-दोन सेकंदांत आटतो. म्हणून पाणी-हवेची सीमा थेट सोडवणारी व्हीओएफ पद्धतच हवी.

काटोल रोड
धारेबद्दल मान्य. पण ५० मायक्रॉनच्या थेंबावर गणिताच्या जाळीच्या पाच पेशी (बारीक घरं) हव्यात, म्हणजे पेशी १० मायक्रॉनची. ५ × २ × २ सेंमीच्या डब्यात २,००० कोटी पेशी झाल्या! सीमेपुरती जाळी बारीक केली तरी पापुद्रा पेशीपेक्षा पातळ झाला की गणितातच फाटतो. जाळी बदलली की थेंब बदलतात. असलं उत्तर जाळीचं, पाण्याचं नाही. त्यापेक्षा थेंब कधी फुटतील ते पृष्ठभागावरच्या लाटांच्या सूत्राने ठरवणारं केएच-आरटी मॉडेल घ्या आणि नोजलपासून अर्ध्या मीटरवर मोजलेल्या थेंबांशी जुळवा.

जाळीवाला
त्यातला फुटायला लागणारा वेळ ठरवणारा बी-१ स्थिरांक लोक १.७ पासून ६० पर्यंत काहीही ठेवतात. एका वेगाला जुळवलेला दुसऱ्या वेगाला चुकतो. निदान तीन वेगांना एकच स्थिरांक चालतोय का, ते दाखवा.

पृष्ठताण
दोघांनीही स्टिकर, म्हणजे औषध पानावर पसरवून चिकटवणारं द्रव्य, सोडलं. द्रावणाचा पृष्ठताण ०.०३० न्यूटन प्रति मीटर मोजला म्हणून तोच भरला, तर १३.५ चे ३२ होतात. पण १ मिमी धार फुटण्याचा काळ, व्यास भागिले वेग गुणिले पाणी आणि हवेच्या घनतांच्या गुणोत्तराचं वर्गमूळ, फक्त १ मिलिसेकंद येतो. तेवढ्यात स्टिकरचे रेणू ताज्या पृष्ठभागावर पुरेसे पोचत नाहीत. ताण पाण्याच्या ०.०७२ जवळच राहतो. पानावर पसरताना मात्र ०.०३० खरा. मॉडेलमध्ये दोन ठिकाणी दोन आकडे द्या.

काटोल रोड
हे पटलं. वेळेनुसार बदलणारा ताण मोजूनच भरायला हवा.

पोकळ शंकू
मुळात बहुतेक ब्लोअरवर पोकळ शंकूचं नोजल असतं. त्यातून धार निघत नाही, फिरत्या पाण्याचा पडदा निघतो. तिथे पडद्याची जाडी आणि शंकूचा कोन लागतो. हा वाद सरळ धार हवेत सोडणाऱ्या नोजलपुरताच. शीर्षकात तसं लिहा.