मदत हवी आहे: बी.ए. प्रथम वर्षाला 'डिजिटल इतिहास', सुरुवात कुठून करू? (वडोदरा)

मांडवीकर:
पहिल्या वर्षाच्या मुलांना सहा आठवडे डिजिटल इतिहास शिकवायचा आहे. चाळीस मुलं, निम्मी गुजराती माध्यमाची, बाकी मराठी-हिंदी. लॅबमध्ये पंधरा संगणक, नेटचा भरवसा नाही. टाइमलाइन, नकाशा, ओसीआर (स्कॅनमधली अक्षरं संगणकाने ओळखणं), कोडिंग, यातलं आधी काय घ्यावं? साधन बडोद्याचंच हवं आहे. मोडी कागद चालतील का?

जुनी_दप्तरं:
कोडिंग आणि मोडी, दोन्ही बाजूला ठेवा. टेसरॅक्ट ही ओसीआर प्रणाली छापील मराठी-गुजराती बऱ्यापैकी वाचतं, पण मोडीपुढे त्याचं काही चालत नाही, आणि मुलांचा सगळा वेळ लिपीतच जाईल.

बडोदे संस्थानाचे खानेसुमारीचे (जनगणनेचे) अहवाल घ्या. इंग्रजीत छापलेले आहेत, स्कॅन नेटवर मिळतात. अख्खा अहवाल वर्गात नेऊ नका, लोकसंख्येचं एकच कोष्टक पुरे. १८९१ साली २४,१५,३९६. १९०१ साली १९,५२,६९२. १९११ साली २०,३२,७९८. आलेख काढायला दहा मिनिटं लागतात. पण मधला खड्डा, जवळजवळ एकोणीस टक्क्यांचा, दिसला की खरा तास सुरू होतो. 'छप्पनिया दुष्काळ' (संवत १९५६चा, म्हणजे १८९९-१९००चा) हे उत्तर मुलं लगेच देतील. तिथे थांबू देऊ नका. किती मेले, किती परमुलखात गेले, किती जन्मलेच नाहीत, हे या एका आकड्यातून वेगळं काढता येत नाही. आलेख काय सांगत नाही हे मुलांनी दोन वाक्यांत लिहिलं की पहिला आठवडा वसूल.

मांडवीकर:
पटलं. एक पान ओसीआर करून पाहिलं तर आकड्यांचा नुसता काला झाला. आणि एक्सेल बेरजा चुकीच्या दाखवतंय.

रकाना:
तीन कारणं असू शकतात. एक, स्कॅन ३०० डीपीआयच्या (इंचामागे ठिपके) खाली असेल किंवा पान तिरकं असेल. आधी सरळ करा. दोन, कोष्टकाच्या उभ्या रेघांना ओसीआर १ समजतं, ३ आणि ८ मध्ये घोळ करतं, शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाकतं. तो ओ शिरला की एक्सेल त्या खान्याला मजकूर समजतं आणि बेरजेतून मुकाट्याने वगळतं. चूक दाखवत नाही, हाच त्रास. खान्यातला आकडा आपोआप डावीकडे सरकलेला दिसला की तिथे बोट ठेवायचं. तीन, पूर्ण कोष्टक एका दमात ओसीआर केलंत. एकेक रकाना कापून करा.

खरं तर वीस ओळींसाठी हाताने टंकलेलंच बरं. तिघांचा गट करा: एक मोठ्याने वाचेल, एक टंकेल, एक तपासेल. तपासणी डोळ्यांनी नको. पुरुष अधिक स्त्रिया बरोबर एकूण, प्रांतांची बेरीज बरोबर संस्थान. छापील बेरीज जुळली नाही तर मूळ पान पुन्हा उघडायचं. कधी छापखान्याचीच चूक निघते. तेव्हा आकडा बदलायचा नाही, शेजारी 'शेरा' रकान्यात नोंदवायचं.

मोडीवाचक:
तारखांबद्दल. १९००च्या आधीची तारीख एक्सेल तारीख म्हणून घेतच नाही. २७ मे १८७५, सयाजीरावांचं दत्तकविधान, हे मजकूर म्हणून बसतं आणि क्रम लावताना भलतीकडेच जातं. वर्ष, महिना, दिवस असे तीन रकाने करा.

गुजराती कागदात विक्रम संवत असेल तर जपून. तिथलं वर्ष कार्तिकात बदलतं. दिवाळीनंतर डिसेंबरअखेरपर्यंत ५७ वजा, जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत ५६. संवत १९५६चा दुष्काळ म्हणजे १८९९-१९००, ते असं. शके चैत्रात बदलतो, तिथे ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. मूळ तारीख पुसू नका, वेगळ्या रकान्यात तशीच राहू द्या.

जुनी_दप्तरं:
+१. गावांच्या नावांनाही हेच. बडोदे, बडोदा, वडोदरा, बरोडा: 'मूळ नोंद' एका रकान्यात, 'प्रमाण नाव' दुसऱ्यात.

मांडवीकर:
नकाशा मग शेवटी? आजच्या जिल्ह्यांची फाइल वापरू का?

रकाना:
नको. संस्थान सलग नव्हतं. बडोदे, कडी, नवसारी, अमरेली असे प्रांत इकडेतिकडे विखुरलेले, मध्ये दुसऱ्यांचा मुलूख. आजचे जिल्हे रंगवले की नसलेलं राज्य तयार होतं. नुसते ठिपके द्या. गूगलच्या माय मॅप्समध्ये सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) टाकली की पुरे, एका थरात २,००० ओळी मावतात. वडोदऱ्याचा अक्षांश २२.३, रेखांश ७३.२. मुलं हमखास उलटे भरतात आणि बडोदं नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातं. वर्गात एकदा मुद्दाम करून दाखवा, मग विसरत नाहीत.

सीएसव्ही यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या चालणारी अक्षरसंकेत-पद्धत) मध्येच साठवा. एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडली तर देवनागरीचा कचरा दिसू शकतो. 'डेटा' मेनूतून आयात करा, तिथे यूटीएफ-८ निवडा. नेट गेलं तर लिब्रेऑफिसवर (एक्सेलसारखं फुकट सॉफ्टवेअर) सगळं होतं, नकाशा तेवढा घरी.

मांडवीकर:
शेवटी संकेतस्थळ करायला लावू?

मोडीवाचक:
सहा आठवड्यांत रंग निवडण्यातच वेळ जाईल. प्रत्येक गटाकडून सीएसव्ही, एक आलेख आणि दोन पानी टिपण घ्या. गुण देताना निम्मे 'शेरा' रकान्याला ठेवा.